चारपायी रोबो लॅबमध्ये चालतो, पेव्हर ब्लॉकवर पडतो. मग ‘मेंदू’ बसवायचा कुठे?

प्रश्न थोडक्यात असा. ऐरोलीच्या एका कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी चार पायांचा, बारा सर्व्होंचा (सांगितलेल्या कोनाला वळणाऱ्या मोटरांचा) रोबो केला आहे. सर्व्हो एमजी ९९६आर, आत रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर, पाठीवर एमपीयू ६०५० हा आयएमयू, म्हणजे धड किती कललं ते सांगणारा सेन्सर. लॅबच्या फरशीवर तो छान चालतो. बाहेर पेव्हर ब्लॉकवर नेला की चार-पाच पावलांत कलंडतो, आणि पार्किंगच्या रॅम्पवर तर त्याआधीच. गाइड म्हणाले, काहीतरी ‘ब्रेन-इन्स्पायर्ड’ करा. मुलांना विचारायचंय की स्पायकिंग न्यूरल नेटवर्क (चेतापेशींसारखं ठोक्याठोक्याने बोलणारं नेटवर्क) शिकावं, रिइन्फोर्समेंट लर्निंग (चुकतमाकत, बक्षिसावर शिकणं) करावं, की अंतर मोजणारा डेप्थ कॅमेरा घ्यावा. तिन्हीला वेळ नाही आणि पैसे एकालाच जेमतेम पुरतील.

आत्ता तिन्ही नकोत. वेळ आणि पैसा पायात घाला.

मी रबाळे एमआयडीसीत सर्व्हो ड्राइव्ह आणि मोशन कंट्रोलचं काम करतो. चालणारे रोबो हा त्याच कामाला फुटलेला फाटा, त्यामुळे मी हे सगळं मोटरच्या बाजूने बघतो, ते आधीच सांगून ठेवतो. तिथून पाहिलं तर तुमचा रोबो बुद्धी कमी पडली म्हणून पडत नाहीये. पाय जमिनीला लागला की नाही हेच त्याला कळत नाही. आणि उद्या सेन्सर लावून ते कळलं, तरी त्या क्षणी काय जाणवायला हवं होतं हे त्याच्याकडे कुठे लिहिलेलं नसेल, तर त्या आकड्याचा काही उपयोग नाही. प्राण्यांच्या चालण्यावर शंभरेक वर्षं जे संशोधन झालं आहे त्यातून रोबोवाल्यांनी उचलण्यासारखी एकच गोष्ट निवडा म्हटलं, तर मी हीच निवडेन: जाणवलेलं आणि अपेक्षित यातला फरक, तोही पावलाच्या त्या-त्या टप्प्यावर मोजलेला.

पण त्याआधी एक कंटाळवाणी तपासणी. हा सर्व्हो अडकला की सुमारे अडीच अँपिअर ओढतो. बारा सर्व्हो म्हणजे वाईट वेळी तीस अँपिअर. पेव्हर ब्लॉकच्या फटीत एक पाय अडकला, करंट उसळला, पाच अँपिअरचा रेग्युलेटर झोपला, रास्पबेरी पाय रीसेट झाला आणि चारही पाय ढिले पडले, की बघणाऱ्याला वाटतं ‘तोल गेला’. अशी ‘तोल जाण्याची’ प्रकरणं मी बरीच पाहिली आहेत. सर्व्होंचा सप्लाय आणि कंट्रोलरचा सप्लाय वेगळा करा, ग्राउंड एकत्र ठेवा, आणि पडतानाचा व्होल्टेज नोंदवा. तो ठीक निघाला तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

आता मांजराकडे. १९११ साली थॉमस ग्रॅहम ब्राउन या शरीरशास्त्रज्ञाने दाखवलं की मेंदूशी संबंध तोडलेला असताना, आणि पायांकडून येणाऱ्या संवेदनाही बंद असताना, मांजराचा मेरुरज्जू पाय पुढेमागे करण्याचा ठेका स्वतःच तयार करू शकतो. १९६६ मध्ये मॉस्कोत शिक, सेव्हेरिन आणि ओर्लोव्स्की यांनी पुढची गंमत दाखवली. मध्यमेंदूतल्या एका ठिकाणी विजेचे सौम्य झटके दिले की मांजर ट्रेडमिलवर चालायला लागतं, झटके वाढवले की दुडकी धरतं, आणखी वाढवले की चौखूर उधळतं. म्हणजे वरून येणारा हुकूम अगदी ढोबळ असतो, ‘इतक्या जोरात’ एवढाच. कुठला पाय केव्हा उचलायचा, कुठला स्नायू किती आवळायचा, हे खाली ठरतं. औके आइस्पेर्ट यांच्या लोझानच्या गटाने २००७ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडलेला सॅलमँडर रोबो याच तत्त्वावर होता: मेरुरज्जूच्या गणिती नमुन्याला मिळणारा एकच हुकूम कमीजास्त केला की तो चालण्यावरून पोहण्यावर जायचा.

तुमच्या पायथॉन कोडमधले साइन वेव्हचे तक्ते म्हणजे ग्रॅहम ब्राउनच्या प्रयोगातला तेवढा ठेका आहे. ठेका आहे, संवेदना नाहीत. लॅबच्या फरशीवर तेवढ्यावर निभावतं, कारण जमीन रोज तिथेच असते.

खरा धडा १९७५ च्या प्रयोगात आहे. फोर्सबर्ग, ग्रिलनर आणि रॉसिन्योल यांनी मेरुरज्जू तोडलेली मांजरं ट्रेडमिलवर चालवली आणि पंजाच्या वरच्या बाजूला हलका स्पर्श केला. पाय हवेत पुढे जात असताना स्पर्श झाला तर मांजर पाय आणखी वर घेऊन अडथळा ओलांडल्यासारखं करतं. तोच स्पर्श पाय टेकलेला असताना झाला तर पाय उलट जास्त ताठ होतो, जमिनीला रेटा देतो. जागा तीच, स्पर्श तोच, प्रतिसाद नेमका उलटा. आणि या निर्णयात मेंदू कुठेच नाही, कारण त्याचा रस्ताच बंद आहे. मेरुरज्जूला फक्त एवढं माहीत आहे की हा पाय आत्ता कुठल्या टप्प्यात आहे. टेकलेल्या पायाने स्पर्श झाला म्हणून उचल खाल्ली असती तर मांजर पडलंच असतं.

आता तुमचं कोड. मुलं साधारण लिहितात ते असं: आयएमयूचा कोन दहा अंशांच्या वर गेला की त्या बाजूचे पाय लांब करा. यात दोन चुका आहेत. एक, ही अट सगळ्या टप्प्यांना सारखीच लागू होते. हवेतला पायही लांब होतो आणि ठेच खातो. दोन, धड कललं ही बातमी फार उशिरा येते. पाऊल हुकलं, मग वजन रिकाम्या बाजूला गेलं, मग धड फिरायला लागलं, मग कोन वाढला. पायाला ही गोष्ट आधीच कळलेली असायला हवी होती. आयएमयू ठेवा, पण तोल सावरण्याची सगळी भिस्त त्याच्यावर नको.

मग पायाला कळवायचं कसं? इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण प्रोजेक्टचा निकाल इथेच लागतो.

एमजी ९९६आर हा मुका सर्व्हो आहे. तुम्ही त्याला कोन सांगता, तो तिथे पोचला की नाही हे तो सांगत नाही. पण त्याच्या पोटात पोटेन्शिओमीटर (कोनाप्रमाणे व्होल्टेज बदलणारा भाग) असतो आणि आतलं सर्किट त्याच्याकडेच बघून काम करत असतं. सर्व्हो उघडून पोटेन्शिओमीटरच्या मधल्या पायापासून एक बारीक वायर बाहेर काढा. बारा सर्व्हो, बारा वायरी, व्होल्टेजचा आकडा करून देणाऱ्या दोन एमसीपी ३२०८ चिपांवर वाचा. ईएसपी ३२ या मायक्रोकंट्रोलरच्या स्वतःच्या एडीसीवर (व्होल्टेज वाचणाऱ्या भागावर) विसंबू नका. तो सरळ रेषेत वाचत नाही आणि वायफाय चालू असताना त्याचा अर्धा भाग वापरताच येत नाही. ही वायर काढली की प्रत्येक सांधा कुठे आहे हे कळतंच, शिवाय एक बोनस मिळतो. हे स्वस्त सर्व्हो साधे प्रपोर्शनल असतात, कोनातला फरक जितका तितकाच जोर लावणारे. वजन आलं की सांगितलेल्या कोनापेक्षा थोडे मागे राहतात, आणि जितकं वजन जास्त तितकं मागे राहणं जास्त. गुडघ्याच्या सर्व्होला सांगितलेला कोन वजा प्रत्यक्ष कोन, हाच तुमचा भार मोजणारा सेन्सर. अचूक नाही, गिअरच्या घर्षणाने आकडा थोडा चिकटतो, पण ‘या पायावर वजन आहे का, साधारण किती’ एवढं नक्की सांगतो.

झुरळ आणि काडीकिडा हे काम पायाच्या कवचातल्या सूक्ष्म घुमटांनी करतात. कवच वाकलं की घुमट दबतो आणि चेतापेशी पेटते, म्हणजे निसर्गाने बसवलेला स्ट्रेन गेज, वाकणं मोजणारी पट्टी. तुम्हीही नडगीवर स्ट्रेन गेज चिकटवू शकता, फक्त पीएलए या थ्रीडी प्रिंटरच्या प्लास्टिकमध्ये छापलेल्या नडगीवर नको. मे महिन्यात ठाण्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवलेला पीएलए आकार सोडतो आणि तुमचा शून्य कुठल्या कुठे जातो. तळपायात एफएसआर (दाब ओळखणारा पातळ सेन्सर) लावणार असाल तर सिलिकॉनने नीट बंद करा. आणि वजन मोजणाऱ्या लोड सेलबरोबर सर्रास मिळणारी एचएक्स ७११ ही वाचक चिप घेऊ नका. ती सेकंदाला १० नाहीतर ८० वेळाच वाचते, आणि ८० वर ठेवली तरी बदललेला आकडा स्थिर व्हायला सुमारे ५० मिलिसेकंद घेते. तेवढ्यात पाऊल पडून गेलेलं असतं. ती वजनकाट्यासाठी आहे.

पैसे असतील तर स्थिती, भार आणि तापमान परत कळवणारे सिरियल बस सर्व्हो घ्या, ही वायर काढण्याची सगळी कसरत वाचेल. मोठे रोबो यापुढे जाऊन मोटरचा करंटच भार म्हणून वाचतात. एमआयटीच्या मिनी चीता या सुमारे ९ किलोच्या रोबोत गिअर फक्त ६:१ आहे. कारण गिअर जितका मोठा तितकं घर्षण मध्ये येतं, आणि मोटरचं जडत्व तर गिअरच्या वर्गाच्या पटीत पायाला जाणवतं. मग जमिनीने दिलेला हलका धक्का मोटरपर्यंत पोचतच नाही. तुमच्या सर्व्होत गिअर याच्या कित्येक पट आहे, म्हणून करंटपेक्षा पोटेन्शिओमीटरची वायर बरी.

वेळेचं गणितही आत्ताच करून घ्या. माणसाच्या पोटरीचा स्नायू अचानक ताणला गेला तर मेरुरज्जूतून येणारी पहिली प्रतिक्षिप्त क्रिया सुमारे ४० मिलिसेकंदांत दिसते. डोळ्यांनी बघून पाऊल सुधारायला याच्या काही पट वेळ लागतो. तुमच्या सर्व्होला नवा हुकूम दर २० मिलिसेकंदांनी जातो, वर सर्व्होचा आळस. म्हणजे तुमच्याकडे मांजरापेक्षा जास्त वेळ नाही, आणि त्यात रास्पबेरी पायवरचं पायथॉन मध्येच कधी १५, कधी ४० मिलिसेकंद खात असेल तर प्रतिक्षिप्त क्रिया विसरा. पायांचं सगळं काम ईएसपी ३२ वर न्या. रास्पबेरी पायने फक्त ‘इतक्या वेगात, इकडे’ असं सांगावं. मॉस्कोच्या प्रयोगातली वाटणी तीच होती.

आता पहिला नियम, ज्याने तुमचा रॅम्पचा बराचसा प्रश्न सुटेल: वजन असलेला पाय उचलायचा नाही. हे ऐकायला बाळबोध वाटतं, पण घड्याळावर चालणारा तुमचा रोबो दर पावलाला हेच करतो. डॉयसेन्स आणि पिअर्सन यांनी १९८० मध्ये मांजरात दाखवलं की घोट्याच्या स्नायूवर भार असेपर्यंत पाय उचलणारा स्नायू दबलेलाच राहतो. झुरळातही याच जातीचा नियम आधी सापडला होता. रोबोसाठी याचं सगळ्यात देखणं रूप ओवाकी आणि इशिगुरो या जपानी संशोधकांच्या २०१३ च्या कामात आहे. त्यांच्या चारपायी रोबोत प्रत्येक पायाचा स्वतंत्र ऑसिलेटर (ठेका देणारं गणित) होता आणि पायापायांत कसलंही वायरिंग नव्हतं. प्रत्येक पायाला फक्त स्वतःवरचा भार कळायचा. समीकरण एका ओळीचं: फेजचा वेग = मूळ वेग − सिग्मा × भार × कोसाइन(फेज). फेज म्हणजे पावलाच्या चक्रात पाय कुठवर आला तो कोन, आणि सिग्मा म्हणजे भाराला किती महत्त्व द्यायचं तो आकडा. फेज ० ते १८० अंश म्हणजे पाय हवेत, १८० ते ३६० म्हणजे टेकलेला. भार आला की पाय टेकलेल्या टप्प्याच्या मध्याकडे ओढला जातो, आणि शेवटाकडे जाताना रेंगाळतो. एक पाय रेंगाळला की वजनाची वाटणी बदलते, ती बाकीच्यांना जाणवते, आणि चौघांचा मेळ धडामार्फतच बसतो.

तुमच्यासाठी आकडे घालून बघू. सेकंदाला एक पाऊल धरलं तर मूळ वेग ६.२८ रेडियन प्रतिसेकंद. भार एकूण वजनाच्या अपूर्णांकात मोजा, म्हणजे चारही पाय टेकलेले असताना प्रत्येकी ०.२५. सिग्मा २५ च्या वर नेलात तर पाव वजनावरही पाय अडून बसेल, चारही पाय एकमेकांची वाट बघत उभे राहतील, आणि तुम्हाला वाटेल कोड अडकलं. सिग्मा १२ च्या खाली ठेवलात तर अर्धं वजन अंगावर असतानाही पाय उठेल. म्हणून १५ पासून सुरू करा. तिथे ६.२८ भागिले १५, म्हणजे सुमारे ४२ टक्क्यांपेक्षा जास्त वजन ज्या पायावर आहे तो थांबतो, बाकीचे नुसते मंदावतात. रॅम्प चढताना वजन मागच्या पायांवर जातं, ते आपोआप जास्त वेळ टेकून राहतात, उतरताना पुढचे. उताराचा कोन कुणी मोजला नाही, कुणाला सांगितला नाही. आयएमयू काढून ठेवूनसुद्धा हा प्रयोग करून बघा.

या समीकरणात एक भोक आहे. हवेतला पाय फटीत गेला आणि त्याला जमीनच लागली नाही, तर त्याच्यावर भार शून्य, त्यामुळे तो आपल्या मूळ वेगाने टेकण्याचा टप्पा हवेतच पूर्ण करून मोकळा होतो. इथे दुसरा नियम लागतो: फेज १८० च्या पुढे गेली आणि भार आला नाही, तर फेज धरून ठेवा आणि पाय खाली, मग जरासा पुढेमागे चाचपडा. टोळ आणि काडीकिडा आधार न मिळाल्यावर पायाने असंच शोधतात. तिसरा नियम मांजराचा: हवेतल्या टप्प्यात सांधा सांगितलेल्या कोनापासून अपेक्षेपेक्षा जास्त मागे पडला, तर तो ठेचकाळला आहे, पाय मागे घ्या, वर घ्या, मग पुढे टाका. हीच तफावत टेकलेल्या टप्प्यात दिसली तर तो भार आहे, रेटा द्या. बघा, मोजमाप एकच, टप्प्याप्रमाणे अर्थ दोन. तीन नियमांचं मिळून कोड शंभर-दीडशे ओळींत मावतं. ‘ब्रेन-इन्स्पायर्ड’ म्हणून रिपोर्टमध्ये लिहायला याहून प्रामाणिक काही सापडणार नाही, फक्त ‘ब्रेन’च्या जागी बहुतेक ठिकाणी ‘मेरुरज्जू’ लिहावं लागेल.

खाडीकाठच्या चिखलात मात्र हे नियम फसतात. ऐरोलीत राहता म्हणून सांगतो, कारण कुणाला तरी तिथे व्हिडिओ काढायची हुक्की येणारच. चिखल पाय ओढून धरतो. उचलताना भार शून्याच्याही खाली जातो आणि हवेतल्या टप्प्यातला विरोध ठेच लागल्यासारखा दिसतो. रोबो मग काल्पनिक पायऱ्या चढू लागतो. चिखलात सरपटणाऱ्या निवट्या माशांना जमतं, तुमच्या सर्व्होंना नाही.

पेव्हर ब्लॉकबद्दल एक वेगळं बोलायला हवं. पावसाळ्यात नवी मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या सावलीतल्या बाजूला त्याच्यावर शेवाळ धरतं. तिथे घर्षणच नसेल तर कुठलंही नियंत्रण काम देत नाही. तळपायाला हवाई चपलेचं किंवा सायकलच्या ट्यूबचं रबर लावा, टोक गोल ठेवा, नडगीत थोडा स्प्रिंगपणा येऊ द्या. प्राण्यांमध्येही सावरण्याचं पहिलं काम चेतासंस्थेआधी शरीर करतं. डेली आणि बीवेनर यांनी २००६ मध्ये गिनी फाउल पक्ष्यांना धावताना कागदाखाली लपवलेल्या खड्ड्यावरून नेलं होतं. पाऊल अनपेक्षित खोल गेलं तरी पक्षी बहुतेक वेळा धावत राहिले, आणि त्या पहिल्या पावलातला बराच बदल पायाच्या घडणीतूनच येत होता. घसरणं ओळखायचं असेल तर ते पोटेन्शिओमीटरवरून जमतं: टेकलेले सगळे पाय धडाच्या वेगाबद्दल एकच आकडा सांगायला हवेत, एकाचा आकडा फटकून असेल तर तो घसरतोय. त्याला काही करायला सांगू नका, दुसऱ्या कुणाला उचलू देऊ नका एवढंच.

इथपर्यंत जे झालं ती प्रतिक्रिया. शिकणं अजून सुरू झालेलं नाही.

ठाणे-वाशी लोकलमध्ये दारापाशी कशालाही न धरता उभे राहणारे लोक बघा. नेहमीचा प्रवासी ब्रेक लागायच्या आधीच किंचित मागे झुकलेला असतो; नवखा धक्का बसल्यावर पाऊल टाकतो. दोघेही पडत नाहीत, पण दोघांच्या डोक्यात चाललेलं काम वेगळं आहे. हा फरक प्रयोगशाळेत फार स्वच्छ दिसतो. दोन पट्ट्यांच्या ट्रेडमिलवर डावा पट्टा सावकाश आणि उजवा जोरात चालवला तर माणूस आधी लंगडतो, काही मिनिटांत चाल सारखी करतो, आणि पट्टे पुन्हा सारखे केले की उलट्या बाजूने लंगडायला लागतो. मॉर्टन आणि बॅस्टियन यांनी २००६ मध्ये दाखवलं की लहान मेंदूला, म्हणजे अनुमस्तिष्काला इजा झालेली माणसं पट्ट्याच्या वेगाला तत्काळ प्रतिसाद देतात, पण ही हळूहळू होणारी जुळवणी त्यांना जमत नाही, आणि नंतरचं उलटं लंगडणंही त्यांच्यात फारसं दिसत नाही. प्रतिक्रिया एकीकडे, अंदाज दुसरीकडे.

हा अंदाज बांधणारा भाग तुम्हाला न्यूरल नेटवर्कशिवाय करता येईल. जपानच्या मित्सुओ कावातो यांनी १९८७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर मांडलेली कल्पना वापरा: फीडबॅकला जेवढं काम करावं लागलं, तेवढीच चूक समजून ती पुढच्या वेळच्या अंदाजाला शिकवा. प्रत्येक पायासाठी फेजचे ३२ खाने करा. प्रत्येक खान्यात एक दुरुस्तीचा आकडा, सुरुवातीला शून्य. दर पावलाला त्या खान्यात प्रतिक्षिप्त नियमाने जितकी दुरुस्ती केली तिचा विसावा भाग त्या खान्यात मिळवा, आणि पुढच्या पावलाला तो आकडा आधीच लावा. हळूहळू तक्ता काम करू लागतो आणि प्रतिक्षिप्त नियम शांत होतात. सर्व्होच्या धंद्यात आम्ही यालाच रिपिटेटिव्ह कंट्रोल म्हणतो, आणि तिथला जुना इशारा इथेही लागू आहे: उशीर मोजा. सेकंदाला एक पाऊल असेल तर एक खाना ३१ मिलिसेकंदांचा. तुमच्या सर्व्होचा उशीर ६० मिलिसेकंद निघाला तर दुरुस्ती दोन खाने मागे लिहा. नाही लिहिली, तर रोबो दर पावलाला थोडा जास्त डोलत जाईल आणि विसाव्या-तिसाव्या पावलाला लोळण घेईल. शेजारच्या खान्यांची सरासरी घेऊन तक्ता गुळगुळीत ठेवा, आणि दर पावलाला सगळे आकडे एक टक्क्याने कमी करा, म्हणजे जुनी जमीन विसरली जाईल.

आता तुम्ही विचारलेल्या तीन गोष्टी. रिइन्फोर्समेंट लर्निंगने चारपायी रोबोंचं चित्र खरोखर पालटलं आहे, त्यात वाद नाही. झुरिकच्या ईटीएचने २०२० मध्ये दाखवलेला एनिमल रोबो कॅमेऱ्याशिवाय, फक्त सांध्यांच्या आणि धडाच्या संवेदनांवर चिखल, बर्फ, झाडोरा तुडवत गेला. २०२१ मध्ये आशिष कुमार, झिपेंग फू, दीपक पाठक आणि जितेंद्र मलिक यांनी ‘रॅपिड मोटर अ‍ॅडॉप्टेशन’ मांडलं. पाठक आणि मलिक दोघेही आयआयटी कानपूरचे. त्यात एक छोटं नेटवर्क अलीकडच्या अर्ध्या सेकंदातले हुकूम आणि त्यांचे परिणाम बघून जमीन, वजन, घर्षण कसं असेल याचा अंदाज बांधतं आणि चालवणाऱ्या नेटवर्कला देतं. हुकूम काय दिला आणि झालं काय, यातला फरक; पुन्हा तेच. पण हे सगळं सिम्युलेटरमध्ये शिकवलं जातं, आणि सिम्युलेटरमधली मोटर खऱ्या मोटरसारखी वागली पाहिजे. ईटीएचच्या गटाला २०१९ मध्ये स्वतःच्या उत्तम मोटरांचं वागणं शिकण्यासाठीसुद्धा वेगळं नेटवर्क लावावं लागलं होतं. तुमच्या सर्व्होंच्या गिअरमधली ढिलाई एकीत एक नाही. एका सत्रात ते जमणार नाही.

स्पायकिंग नेटवर्क: इंटेलची लोइही चिप किंवा मँचेस्टर विद्यापीठाची स्पिनेकर यंत्रणा जिथे वीज वाचवायची आहे आणि सेन्सरच घटना घडली तरच बोलतो, तिथे शोभते. दर २० मिलिसेकंदांनी हुकूम घेणाऱ्या बारा सर्व्होंपुढे ती पोकळ थाटाची होईल. गाइडना चेतापेशी दाखवायच्याच असतील तर मात्सुओका यांचा १९८५ चा ऑसिलेटर ईएसपी ३२ वर सहज चालतो: दोन चेतापेशी, एकमेकींना दाबणाऱ्या आणि हळूहळू थकणाऱ्या. वरच्या एका ओळीच्या समीकरणाच्या जागी तो घाला, आलेख सुंदर येतात. चाल फारशी सुधारणार नाही.

कॅमेरा नंतर घ्या. २०२२ मध्ये ईटीएचच्याच गटाने कॅमेरा आणि पायाची संवेदना जोडली, तेव्हा त्यांना मुद्दाम हेही शिकवावं लागलं की उंच गवत किंवा मऊ बर्फ दिसल्यावर डोळ्यांवर किती विश्वास ठेवायचा आणि पायावर किती. पायाला काही जाणवतच नसेल तर हा प्रश्नच उभा राहत नाही.

व्हायव्हासाठी माझं ऐकाल तर असं करा. सपाटीवर चालवा, रॅम्पवर मिनिटभर चालू द्या, मग न थांबवता पुन्हा सपाटीवर आणा. तक्ता खरोखर शिकला असेल तर सपाटीवरची पहिली काही पावलं रोबो वाकडी टाकेल, रॅम्प अजून आहे असं धरून. ती पावलं व्हिडिओतून कापू नका. बाजूला तक्त्याच्या आकड्यांचा आणि प्रतिक्षिप्त दुरुस्तीचा आलेख लावा. रॅम्पवर एक चढताना दुसरा उतरतो, आणि सपाटीवर आल्याक्षणी दुरुस्ती पुन्हा उसळते. परीक्षक ‘शिकतो कशावरून?’ असं विचारतीलच, तेव्हा बोट त्या उसळीवर ठेवा.